गोळ्या सुटल्या, दुखणं राहिलं

माझ्या गोळ्या समुद्रात पडल्या तेव्हा आम्ही निवतीच्या दीपगृहाच्या बाहेर होतो. जाळं ओढायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातलं प्लॅस्टिकचं पाकीट सरळ पाण्यात गेलं. बुडालं नाही, तरंगत राहिलं. आतली चांदीची पट्टी उन्हात चमकत होती आणि आमची बोट हळूहळू पुढे सरकत होती. मी तांडेल, म्हणजे बोट माझ्या शब्दावर चालायची. 'थांबवा' म्हटलं असतं तर थांबली असती. पण का थांबवायची, हे सांगावं लागलं असतं. मी बघत उभा राहिलो. पाकीट एका लाटेमागे गेलं ते परत दिसलं नाही.

माणूस पाण्यात पडला तर काय करायचं हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. त्या पाकिटानं मात्र माझे हातपाय गार पडले. अजून काहीही दुखत नव्हतं. सकाळच्या गोळ्या पोटात होत्या. तरी जीभ टाळूला चिकटली, कारण पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. त्याआधी दोनदा गोळ्या वेळेवर मिळाल्या नव्हत्या आणि दोन्ही वेळा मी ते घरच्यांपासून लपवलं होतं. घरी दार लावून घेता येतं. बोटीवर दार नसतं.

मी गुरुनाथ. मालवणचा. बापजाद्यांपासून आम्ही मासेमारीवर जगतो. बोटीवर माझ्याबरोबर माझा धाकटा भाऊ विलास होता, इंजिन सांभाळणारा अंतोन होता आणि आणखी दोन खलाशी. दोन दिवस बाहेर राहून परत यायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास जांभया सुरू झाल्या. झोपेच्या नव्हेत. जबडा दुखेपर्यंत, एकामागून एक. मग नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. अंगावर शहारे, तेही असे की हातावरचे केस उभे राहून खालीच बसेनात. ऊन चढत होतं आणि मी गोणपाट पांघरून कुडकुडत होतो. पोटात मुरडा. बोटीवर पोट बिघडणं म्हणजे काय, ते बोटीवर राहिलेल्या माणसाला सांगायला नको. पण सगळ्यात वाईट पाय. आतून, हाडाच्या पोकळीत कोणीतरी मुंग्या सोडल्यासारखे. पसरले तर आखडावेसे वाटायचे, आखडले तर झाडावेसे. मी बसायचो, उठायचो, पुन्हा बसायचो. आणि या सगळ्याच्या खाली कंबर, जी एवढे दिवस गोळ्यांनी गप्प ठेवली होती.

"दादा, तुका काय होता?" विलासने विचारलं.

"काय नाय. थंडी वाजता."

त्याने कपाळाला हात लावला. "ताप नाय. पण तोंड बघ तुझा, पांढराफटक पडला. उंदराचो ताप असतलो. सुरवातीक असोच येता."

आमच्याकडे लेप्टोला उंदराचा ताप म्हणतात आणि त्याने माणसं गेलेली सगळ्यांना माहीत आहेत. मी त्या तापाचा आधार घेतला. म्हटलं, "असतलो. आपण परत जावया."

"जाळा आताच टाकलंव," एक खलाशी कुरकुरला. पण विलासने ऐकलं नाही. त्याने जाळं ओढायला लावलं. माझ्यासाठी. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

परतीच्या वाटेवर मी बोटीच्या काठाशी बसलो होतो. इथे एक गोष्ट लिहायची की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. पुढे ज्यांनी माझ्यावर उपचार केले त्या डॉक्टरबाई म्हणाल्या, लिहा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. म्हणून लिहितो. पाण्याकडे बघताना मला वाटलं की आत गेलो तर हे पाय थांबतील. रडू येत नव्हतं, दुःखही नव्हतं. पाय थांबतील, एवढंच. अंतोन इंजिनाकडून उठून आला, माझ्या बाजूला टेकला आणि माझ्या पट्ट्यात बोटं अडकवून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "थय इंजिनाकडे लय गरम होता दादा. मी हयच बसतंय." बंदर दिसेपर्यंत तो हलला नाही. त्याला काय कळलं होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

मालवणच्या बंदरात शिरताना पाण्याखाली खडक आहेत. भरतीला ते दिसत नाहीत. कुठल्या बाजूने आत घ्यायचं हे तांडेलाला ठाऊक असतं. विलासने तोपर्यंत एकट्याने कधी बोट आत आणली नव्हती, म्हणून मी उठून सुकाणू धरलं. हात थरथरत होते. डोक्यात एकच गोष्ट होती, बाजारातलं औषधाचं दुकान दुपारी बंद होण्याआधी आपण पोचतो की नाही. डाव्या अंगाला पाणी पांढरं फुटत होतं. ते मला दिसत होतं. मी बोट तिकडेच घेत होतो.

"दादा! खडक!" विलास ओरडला. पुढच्या क्षणी त्याने मला खांद्याने बाजूला लोटलं आणि सुकाणू फिरवलं. बोट एवढी कलंडली की बर्फाचे खोके घसरून पलीकडच्या काठावर आदळले. तळाला काहीतरी घासल्याचा आवाज आला. पाच माणसं एकमेकांकडे न बघता उभी होती.

*

दुखणं सुरू कसं झालं ते थोडक्यात सांगतो. काही वर्षांपूर्वी जाळं वर घेताना ताणलेला दोर तुटला आणि त्याच्या फटक्याने मी मागे फळ्यांवर आपटलो. मणका मोडला. गोव्यात नेलं, ऑपरेशन झालं, चालायला लागलो. लोक म्हणाले नशीबवान. खरंच होतो. पण कंबरेतून डाव्या पायात उतरणारी कळ गेली नाही. बसलं की कळ, वाकलं की कळ, खोकलं तरी कळ.

तेव्हा ट्रॅमाडॉलच्या गोळ्या लिहून मिळाल्या. पहिली गोळी घेतली ती दुपार मला आठवते. पडवीत बसून मी माझ्या बायकोशी, शैलाशी, उगीचच गप्पा मारत होतो आणि मध्येच लक्षात आलं की मघापासून कंबर आठवलीच नाही. शैलासुद्धा म्हणाली, "आज बरे दिसतास तुम्ही." त्यात कसली नशा नव्हती. मी परत माणसात आलो होतो. ज्यांना कायमची कळ नाही त्यांना हे समजावणं कठीण आहे.

पुढे एका गोळीने भागेना. मग दोन, मग सकाळी उठायच्या आधी, मग बोटीवर चढायच्या आधी. डॉक्टरांचा कागद संपला तरी ओळखीच्या दुकानातून मिळत राहिल्या. मी दारू पीत नाही, तंबाखूही सोडलेली. त्यामुळे असलं काही आपल्याला होईल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. औषध घेतो आहे, असंच वाटायचं. किती घेतो ते मात्र कोणी विचारलं तर मी कमी सांगायचो. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

*

बंदरावरून विलासने मला थेट इस्पितळात नेलं. शैला बाजारात मासे विकायला बसली होती, ती टोपली तशीच शेजारणीच्या हवाली करून आली. तिच्या हाताला बांगडा माशाचा वास होता आणि ती तो हात सारखा माझ्या पाठीवरून फिरवत होती. रक्त तपासलं. लेप्टो नव्हता.

तिथून आम्हांला जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला हळू. त्यांनी माझे डोळे टॉर्चने बघितले, हातावरचा काटा बघितला, मग शैलाला म्हणाल्या, "ताई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?"

दार लागलं.

"गुरुनाथदादा, कंबरेसाठी कुठली गोळी घेता?"

मी नाव सांगितलं.

"दिवसाला किती?"

मी नेहमीचा कमी आकडा सांगितला. त्यांनी पेन कागदावर टेकवलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. रागाने नाही. वाट बघत. मग मी खरा सांगितला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एवढ्या गोळ्यांनी तुम्हांला बोटीवर फेफरं येऊ शकलं असतं. कधी आलं होतं?"

"नाही."

"मग सुदैव समजा. तुम्हांला ताप नाही, संसर्ग नाही. तुमच्या शरीराला या गोळीची सवय लागली आहे आणि ती अचानक बंद झाली, म्हणून हे सगळं होतंय."

"म्हणजे व्यसन?"

"तुम्ही मजेसाठी घेतली नाहीत, हे मला दिसतंय. शब्द कुठला वापरायचा ते नंतर बघू. उपचार आहे, तो आज सुरू करू या. तुमची कंबर खरंच दुखते आणि तीही मी विसरणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्या बोलल्या नसत्या तर मी तिथून उठून गेलो असतो. मला व्यसनाची लाज वाटत होती, पण भीती वेगळीच होती. आता हे लोक गोळी काढून घेणार आणि मला त्या कळेबरोबर एकटं सोडणार, ही भीती. जन्मभर. एखाद्या म्हाताऱ्यासारखं वाकून, खाटेवर, दुसऱ्याने पाणी द्यायची वाट बघत.

शैलाला मीच सांगावं, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं पडलं. ती बाहेर बाकावर पदर घट्ट धरून बसली होती. तिला कॅन्सर ऐकायला मिळणार, असं वाटत होतं, हे तिने नंतर सांगितलं. मी सांगितलं.

"म्हंजे दारूसारख्याच ना?"

"तसाच काय ता."

"आणि ह्या सगळा तुम्ही बोटीर असताना?" ती माझ्याकडे वळली. "विलासाक म्हायत आसा?"

मी मान हलवली. नाही.

"तेका मी सांगूचंय नाय," ती म्हणाली. "ता तुम्हीच सांगा." मग तिने माझे पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले, सगळ्या लोकांसमोर, आणि पोटऱ्या दाबायला लागली. दाबताना रडत होती. मी तिला थांब म्हणालो नाही, कारण दाबल्यावर बरं वाटत होतं.

*

औषध लगेच मिळेल, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. जिभेखाली ठेवायची एक गोळी देणार होते, पण जुनी गोळी अंगातून पुरती उतरल्याशिवाय ती दिली तर त्रास आणखी भडकतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. म्हणजे मी नीट आजारी पडेपर्यंत थांबायचं होतं. आधीच पडलो होतो ते पुरेसं नव्हतं.

त्या वाट बघण्याइतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. वादळात सापडलोय, बोटीचं इंजिन बंद पडून वाहवत गेलोय. तेव्हा करायला काहीतरी हातात असतं. इथे पलंगावर पडून त्रास वाढायची वाट बघायची. परिचारिका मधूनमधून येऊन नाडी बघायची, अंगावरचा काटा बघायची आणि म्हणायची, "अजून थोडं, काका."

बाजूच्या पलंगावर कसालचा बाळा होता, रिक्षावाला. दारू सोडायला तिसऱ्यांदा आलेला. माझे पाय गादीवर आपटताना बघून तो उठला. "तांडेलानू, पाय गप रवत नाय तर चला, फेरी मारूया. हयसर कोण विचारूक येता?" मी त्याच्या खांद्यावर हात टाकून वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. त्याचेही हात थरथरत होते. आम्ही दोघे एकमेकांना सांभाळत होतो की एकमेकांना पाडत होतो, सांगता येणार नाही. तो सारखा बोलत होता. हायवेचं काम, त्याची सासू, कसालच्या बाजारात मिळणारी भजी. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण तो गप्प बसला की भीती चढायची, म्हणून मी "मगे? मगे काय झाला?" विचारत राहायचो.

शेवटी परिचारिकेने गोळी आणली. जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, बोलायचं नाही. कडू, खडूसारखी. मी खिडकीबाहेर एका फणसाकडे बघत बसलो. गोळी विरघळेपर्यंतचा वेळ संपतच नव्हता. मग कधीतरी लक्षात आलं की पाय नुसते पडून आहेत. ते दुसऱ्या कोणाचेतरी असावेत तसे मी त्यांच्याकडे बघितलं.

आणि बरं वाटताक्षणी नवी भीती आली. असंच बरं मला पहिल्या गोळीने वाटलं होतं.

संध्याकाळच्या फेरीला मी डॉक्टरबाईंना विचारलं, "ही पण तसलीच ना? एक सोडून दुसरी?"

"जातीची तीच आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी लपवलं नाही, हे मला आवडलं. "पण ही चढत जात नाही, सकाळ-संध्याकाळ मोजून मिळते, आणि किती घ्यायची ते तुमची भीती ठरवणार नाही, आपण दोघं ठरवू. तुमच्या कंबरेलाही हिचा उपयोग होईल. हळूहळू उतरवू. घाई नाही."

वॉर्डातल्या रात्रींबद्दल मी लिहीत नाही. दिवसांबद्दल लिहितो. सकाळी पातळ चहा, मग गरम पाण्याची बादली. त्या पाण्यासाठी मी जगत होतो. कंबरेवरून गरम पाणी ओतलं की तेवढा वेळ अंग माझं असायचं. शैला एसटीने डबा घेऊन यायची. पहिले काही दिवस मला माशाचा वास सहन होत नव्हता. मी, आणि माशाचा वास! मग ती नुसती पेज आणि मीठ आणायला लागली. ज्या दिवशी मी तिला म्हटलं, "उद्या सोलकढी हाड," त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

*

घरी आल्यावर सुटलो, असं वाटलं असेल तर तसं नाही. इस्पितळात त्रास कोणाला तरी दाखवता येतो. घरी तो माझा एकट्याचा.

दुपार वाईट असायची. जेवण झालं, शैला बाजारात गेली, की कंबर बोलायला लागायची. आणि कळ येण्याआधी कळ येणार, याची भीती यायची. पुष्कळ वेळा नुसती भीतीच यायची आणि मी तिलाच कळ समजायचो. हे दोन वेगळे आहेत हे ओळखायला मला फार वेळ लागला. इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ते शिकवलं. त्या म्हणायच्या, "काका, वाकताना श्वास रोखता, बघा. अजून काही दुखलंच नाही." खरंच, मी श्वास रोखून उभा असायचो.

शैला माझे खिसे बघायची. मला ते कळलं आहे हे तिला ठाऊक होतं आणि तरी ती बघायची. एकदा मी चिडून सगळे कपडे अंगणात फेकले, "बघ, नीट बघ!" म्हणून. तिने एकेक कपडा उचलला, झटकला, खिसा उलटा करून बघितला आणि घडी घालून ठेवला.

माझी मुलगी मयुरी कुडाळला कॉलेजात जाते. एका शनिवारी ती येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, मी बाजारात त्या दुकानात जावन इलंय. तुमका ती गोळी देव नकोत म्हणान सांगलंय."

"कोणाक विचारून?" मी ओरडलो. "गावभर करूचा आसा तुका?"

ती मागे सरली नाही. "तुमका राग इलो तर माझ्याशी बोला नकोत. पण थय जाव नकोत."

मी जाणार होतो. दुसऱ्याच दिवशी. हे तिला कसं कळलं, माहीत नाही. बहुतेक कळलंच नव्हतं, ती नुसती घाबरली होती. त्या घरात तेव्हा आम्ही तिघेही घाबरलेले होतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याला रागीट समजत होता.

विलास घरी येत नव्हता. मी इस्पितळात असतानाच त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि निघून गेला. बोट आता तोच नेत होता. एके दिवशी सकाळी तो किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता, तिथे मी गेलो. काठी टेकत. बाजूला बसलो. त्याने मान वर केली नाही.

"दादा, एक विचारूचा आसा. त्या दिवशी तो खडक तुका दिसलो नाय, काय दिसान सुदा तुका काय वाटला नाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. डोळ्यांत पाणी होतं, दिसलं नाही, असं.

"दिसललो," मी म्हटलं. "माका काय वाटूक नाय."

त्याचे हात थांबले. मग म्हणाला, "मी रोज बंदरात शिरताना भियतंय. ह्या म्हायत आसूदे तुका." आणि जाळ्याचं एक टोक माझ्या मांडीवर टाकलं. आम्ही गाठी मारत बसलो. तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी बंदरात शिरायच्या आधी त्याने मला मोबाईल लावला. "दादा, भरती चढता. खंयच्या बाजून घेव?" मी पडवीत उभा राहून सांगितलं. फोन बंद झाल्यावर मी तिथेच खाली बसलो.

*

सगळंच चढणीचं होतं असं नाही, आणि सगळं उताराचंही नव्हतं. वेंगुर्ल्याला शैलाच्या बहिणीकडे जेवायला गेलो होतो. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तर फ्रिजवर तीच पट्टी. तिच्या नवऱ्याचा गुडघा दुखतो. पट्टीत अर्ध्या गोळ्या शिल्लक होत्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं, चिंच बघितल्यासारखं. त्या दिवशी कंबर काही विशेष दुखत नव्हती. हेच मला भयंकर वाटलं. बाहेर माणसं हसत होती. मला कोणीही बघत नव्हतं.

मी तिथूनच हाक मारली, "शैला! हय ये मगे जरा."

ती आली. मी फ्रिजकडे बोट दाखवलं. "ह्या हयसून उचल."

तिने पट्टी उचलून बहिणीच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही कपाटात ठेव गो." बहिणीला काही कळलं नाही. आम्ही परत येऊन जेवलो.

जिभेखालची गोळी हळूहळू कमी होत गेली. एकदा घाईने कमी केली तर त्रास परत आला. पुन्हा वाढवली, पुन्हा कमी केली. मला वाटलं होतं डॉक्टरबाई ओरडतील. त्या म्हणाल्या, "जिना आहे, एक पायरी मागे आलात." आता ती गोळीही बंद आहे. कंबर दुखते. रोज दुखते. पण ती पूर्वीएवढी दुखत नाही, हे मला स्वतःलाच खरं वाटत नाही. गोळ्या घेत होतो तेव्हा दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात जे दुखायचं, त्यातलं बरंचसं त्या गोळीचंच होतं, असं डॉक्टरबाई सांगतात. असेल. मी बाहेरच्या समुद्रात जात नाही. किनाऱ्यावर जाळी बघतो, लिलावाला उभा राहतो. लांबच्या प्रवासात मध्ये उतरून चालतो. लोक हसतात, हसू देत.

*

मागच्या पावसाळ्यात धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवर घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. कुडाळला एका दवाखान्यात नेलं. हात डबल झाला होता सुजून. ठणका डोक्यापर्यंत. बाहेर बाकांवर पुष्कळ माणसं, त्यांत मालवणची ओळखीची दोन-तीन. आतला पडदा अर्धा उघडाच होता.

डॉक्टर घाईत होते. प्लास्टर झालं, आणि ते लिहिता लिहिता म्हणाले, "दुखेल. जोराची गोळी देतो, ट्रॅमाडॉल. दिवसातून तीनदा घ्या."

माझ्या पाठीवरून घाम उतरला. एवढं खरं कारण. डॉक्टरने स्वतःहून दिलेली. कोण काय म्हणणार? शैलासुद्धा काही म्हणाली नसती. ती माझ्या बाजूला उभी होती आणि खाली बघत होती. तिने मला सांगितलं नाही, ढकललं नाही.

"ती नको," मी म्हणालो.

"काय?" त्यांना ऐकू आलं नाही. बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं.

मला मोठ्याने बोलावं लागलं. "ती गोळी नको, डॉक्टर. मला तिची सवय लागली होती. इस्पितळात राहून सोडवली आहे. दुसरं काहीतरी द्या. थोडं दुखलं तरी चालेल, पण ती नको."

बाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं. मान वळवायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, लिहिलेली ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर पडलो तेव्हा कान तापले होते. ओळखीचा एक जण भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागला. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात मागून एक बाई घाईघाईने आली. माझ्याच वयाची, हातात छत्री, अंगावर शेतातला चिखल लागलेली साडी.

"ओ, जरा थांबा." ती शैलाकडे बघून मग माझ्याकडे वळली. "तुम्ही आत म्हणालात ती गोळी... माझ्या घोवाक तीच चालू आसा. मणक्यासाठी. मिळाली नाय तर नाक गळता, पाय झाडता, माझ्या अंगार येता. माका वाटला, माणूस बदललो." तिने छत्रीची मूठ घट्ट धरली. "मी काल सगळे गोळये चुलीत टाकलंय. आता तो घरात थरथरता. मी काय चुकीचा केलंय?"

पाऊस लागला होता. माझं मनगट ठणकत होतं, आणि त्या माणसाचे पाय मला माझ्याच पोटऱ्यांत जाणवत होते.

"वयनी, एकदम बंद करू नकात," मी म्हणालो. "जीवार बेतता. तेका आजच जिल्ह्याच्या इस्पितळात नेवचा लागतला."

"तो येवचो नाय. भियता."

शैलाने तिच्या हातातली छत्री घेऊन उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली. मी विचारलं, "घर खंय तुमचा?"

ती रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवायला लागली. आम्ही तिच्याबरोबर चालायला लागलो.